पैसपैस खुर्चीचा भार कोणाच्या माथी?

सोलापुरी टॉवेलाला परदेशी गिऱ्हाईक मिळावे म्हणून येथील कारखानदार जानेवारीत फ्रँकफर्टला भरणाऱ्या वस्त्रप्रदर्शनास गेला, तर त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु मुंबईहून सपत्नीक 'बिझनेस क्लास'ने निघायचे, रात्रभर आडवे होऊन निजायचे आणि दोन्ही तिकिटे कंपनीच्या खाती लिहायची, हा व्यापार कसला?

22 सप्टेंबर 2025 पासून या वर्गावरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. साध्या वर्गावर तो 5 टक्केच राहिला. वरवर पाहता हे समाजवादी वाटते! पण प्रवास धंद्याचा दाखविला की भरलेल्या कराची वजावट कंपनीला मिळते, आणि भाडे खर्चात धरल्याने आयकरही उतरतो. खासगी प्रवासाला ही सवलत नाही, असे कायदा बजावतो. त्यावर उपाय सोपा: पत्नीला कागदोपत्री संचालक करावे. विडी वळणाऱ्या बाईने तोच टॉवेल विकत घेतला, तर तिचे 5 टक्के तिला कोण परत करतो?

ऐसपैस खुर्ची दुसऱ्याची जागा खाते. म्हणूनच जागतिक बँकेच्या 2013 च्या अभ्यासात या वर्गाचे माणशी कर्बउत्सर्जन साध्या वर्गाच्या सुमारे तिप्पट भरले. जून 2025 मध्ये सेव्हिल येथे फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस आदी देश अशा प्रवाशांवर अधिभार बसविण्यासाठी एकत्र आले. भारतानेही तो बसवावा, आणि त्याची वजावट कोणत्याही कंपनीला मिळू देऊ नये.