आरोग्याच्या चार गोष्टी : न सांगितल्या जाणाऱ्या एका खाजेविषयीं

गेल्या मासांत आमच्याकडे एक पत्र आलें. खालीं नांव नव्हतें. ‘एक वाचक भगिनी’ एवढेंच होतें. लग्नाला दोन वर्षें झालेलीं. घरांत सासूबाई, मामंजी, एक धाकटी नणंद आणि नोकरीनिमित्त महिन्यांतून दहा-बारा दिवस परगांवीं राहणारे यजमान. या भगिनीला जघनभागीं, केसांच्या मुळांशीं, रात्रीं असह्य खाज सुटूं लागली. घामोळें असेल म्हणून तिनें चंदन लावलें. नायटा असेल म्हणून दुकानांतून मलम आणविलें. एके दिवशीं खाजवितां खाजवितां नखाशीं एक बारीक ठिपका आला, आणि तो हलूं लागला. तेव्हांपासून तिला झोंप नाहीं. “मी रोज स्वच्छ स्नान करतें, मग हें मला झालें कसें? घरांत कळलें तर मला काय म्हणतील? आणि यजमानांना विचारूं तरी कसें?” असे तिचे तीन प्रश्न आहेत.

पत्रावर पत्ता नसल्यामुळें उत्तर येथेंच देणें भाग आहे. हें मासिक आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या हातीं पडतें, तेव्हां हा विषय या पानावर घ्यावा कीं नाहीं याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. १९२७ सालीं प्रो. र. धों. कर्वे यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें, आणि अशा विषयांवर उघड लिहिल्याबद्दल त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्या गोष्टीला ऐशीं वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही आमच्या सुशिक्षित घरांतून मधुमेहाची चर्चा पंक्तींत बसून होते, आणि ज्या व्याधीवर दहा मिनिटांचा उपाय आहे ती मात्र महिनोन्‌महिने लपविली जाते. हें कांहीं शहाणपणाचें लक्षण नव्हे. म्हणून लिहीत आहों.

प्रथम हा प्राणी कोण तें पाहूं. मनुष्याच्या अंगावर तीन प्रकारच्या उवा राहतात. एक डोक्यांतली, ती सर्वांच्या परिचयाची आहे. दुसरी अंगावरची, ती वस्तुतः कपड्यांच्या शिवणींत राहते आणि रक्त पिण्यापुरती कातडीवर येते. तिसरी ही जघनभागींची. हिची लांबी एक ते दोन मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून किंचित् मोठी. अंग रुंद व चपटें, आणि सहा पायांपैकीं मागच्या चारांना खेंकड्याच्या नांगीसारखे जाड आंकडे. हे आंकडे विरळ व जाड केस पकडण्यास योग्य असतात. म्हणून ती डोक्याच्या दाट, बारीक केसांत सहसा राहत नाहीं. जघनभाग, गुदाभोंवतालचे केस, मांड्या, कांख, छाती, दाढी आणि क्वचित् पापण्या हीं तिचीं स्थानें.

आमच्या पूर्वजांना ऊ अपरिचित नव्हती. चरकसंहितेंत अंगाबाहेरच्या कृमींत यूकेची गणना आहे. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तर लांबीचीं मापेंच तिच्यावरून दिलीं आहेत : आठ लिक्षांची एक यूका, आणि आठ यूकांचा एक यवमध्य. ज्या वस्तूचा मापासारखा उपयोग होत होता ती घरोघर दिसत असली पाहिजे. आधुनिक शास्त्रज्ञांनीं याहून मागचा शोध लाविला आहे. मनुष्याच्या या तिसऱ्या उवेची सख्खी बहीण गोरिलाच्या अंगावर असते. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दोघींच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून असें अनुमान काढलें आहे कीं, सुमारें तेहतीस लक्ष वर्षांपूर्वीं ही ऊ गोरिलाच्या पूर्वजांकडून मनुष्याच्या पूर्वजांकडे आली. बहुधा त्यांच्या सोडलेल्या निजण्याच्या जागा वापरल्यानें, अगर त्यांची शिकार केल्यानें. इतक्या पुरातन पाहुणीच्या आगमनानें आजच कुळाला कलंक लागतो असें मानण्याचें कारण नाहीं.

आतां भगिनीचा पहिला प्रश्न. या उवेचा आणि अस्वच्छतेचा संबंध नाहीं. ती मळ खात नाहीं, रक्त पिते; आणि रोज स्नान करणाराचें रक्त तिला तितकेंच चालतें. स्नानाच्या पाण्यानें ती सुटत नाहीं, कारण तिची केसावरची पकड घट्ट असते. तिला सोवळें-ओवळें कळत नाहीं, जात कळत नाहीं. घरांत असें कांहीं आढळलें कीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाईवर संशय घेण्याची आमच्याकडे वाईट खोड आहे. त्या बिचारीचा यांत कांहीं एक संबंध नसतो.

मग ती येते कशी? ऊ उडत नाहीं, उडी मारीत नाहीं. ती केसावरून केसावर जाते. म्हणून प्रौढांत ती बहुतेक सर्व वेळां शरीरसंबंधानेंच पसरते. अंथरूण, पंचा किंवा आंतले कपडे एकमेकांचे वापरल्यानें ती येऊं शकते, पण तें क्वचित्. शौचकूपाच्या बैठकीवरून ती येते ही समजूत जवळजवळ निराधार आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर तिचे पाय ठरत नाहींत, आणि अंगावरून खालीं पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. कुत्र्यामांजरांपासूनही ती येत नाहीं.

लक्षणांत खाज हें मुख्य. ती उवेच्या लाळेमुळें सुटते. आंतल्या कपड्यांवर तांबूस-तपकिरी बारीक ठिपके दिसतात. कोणाच्या मांडीवर वा पोटावर फिकट निळसर डाग उमटतात. चांगल्या उजेडांत भिंग घेऊन पाहिलें तर केसांच्या मुळाशीं चिकटलेल्या लिखा दिसतात. कोंडा झटकल्यास पडतो, लीख पडत नाहीं. हा भेद लक्षांत ठेवावा. खाज खरजेचीही असते, नायट्याचीही असते. म्हणून संशय असल्यास डॉक्टरांना दाखवावें. दुकानदारानें दिलेलें स्टेरॉइडमिश्रित मलम लावूं नये. त्यानें खाज तात्पुरती दबते, नायटा मात्र फोफावतो.

एक समाधानाची गोष्ट अशी कीं, ही ऊ कोणताही रोग पसरवीत नाहीं. कपड्यांतील उवेची गोष्ट निराळी. तिच्यामुळें टायफस नांवाचा भयंकर ज्वर पसरतो, हें शार्ल निकोल या फ्रेंच वैद्यानें १९०९ सालीं ट्यूनिस येथें सिद्ध केलें, आणि त्याबद्दल त्याला १९२८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. जघनभागींच्या उवेवर तसा आरोप नाहीं. फार खाजविल्यानें कातडी सोलून पू होणें, एवढीच तिची मजल.

आतां उपाय. शेंकडा एक प्रमाणाचें पर्मेथ्रिनचें औषध यासाठीं वापरतात. शेवंतीच्या कुळांतील एका फुलांत पायरेथ्रिन नांवाचीं कीटकनाशक द्रव्यें असतात. त्यांच्या नमुन्यावर पर्मेथ्रिन प्रयोगशाळेंत तयार केलेलें आहे. खरजेसाठीं याच नांवाचें शेंकडा पांच प्रमाणाचें मलम मिळतें. त्याची वापरण्याची रीत वेगळी आहे, म्हणून खोक्यावरचा आंकडा वाचून घ्यावा. भाग धुऊन पुसून घ्यावा. केस मुळांपर्यंत भिजतील असें औषध लावावें. दहा मिनिटांनीं धुऊन टाकावें. बारीक दातांच्या फणीनें किंवा नखांनीं लिखा काढाव्या, आणि धुतलेले कपडे नेसावे. मांड्या, कांख, छाती येथेंही केस तपासावे.

एकदां लावून काम संपलें असें मात्र समजूं नये. औषधानें सर्व अंडीं मरतातच असें नाहीं. अंडें सहा ते दहा दिवसांत फुटतें, आणि पिल्लूं वाढून अंडीं घालण्याजोगें होण्यास पुढें दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून नऊ-दहा दिवसांनीं पुन्हां पहावें, आणि जिवंत ऊ दिसल्यास दुसऱ्यांदा औषध लावावें. तोंपर्यंत उरलेलीं अंडीं फुटलेलीं असतात व नवीं घातलेलीं नसतात. उवा मेल्यावरही कांहीं दिवस खाज राहते. तेवढ्यावरून औषध पुनःपुन्हां चोळूं नये. एवढ्यानें न गेल्यास डॉक्टर पोटांत घेण्याच्या आयव्हरमेक्टिनसारखीं औषधें देतात. तीं त्यांच्या सल्ल्यावांचून घेऊं नयेत. गर्भवतीनें व अंगावर पाजणाऱ्या मातेनें आधीं डॉक्टरांना विचारावें. लिंडेन नांवाचें जुनें औषध मज्जासंस्थेला अपायकारक ठरलें आहे. तें घरांत पडलें असल्यास टाकून द्यावें.

मागच्या दोन-तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, पंचे कढत पाण्यांत भिजवून धुवावे व कडक वाळवावे. पाण्याची उष्णता निदान ५४ अंश सेल्सिअस हवी. धुतां येण्याजोगें नसेल तें प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवावें. घरभर कीटकनाशक फवारण्याची गरज नाहीं. तेंच अंगावर लावण्याचा अविचार तर कदापि करूं नये. घासलेटानें कातडी भाजते. सीताफळाच्या बियांची पूड आमच्याकडे उवांवर परंपरेनें वापरतात. तिचा कण डोळ्यांत गेल्यास बुबुळाला इजा होते. केस काढल्यानें उवांचा आसरा कमी होतो हें खरें. परंतु केवळ त्यावर विसंबूं नये.

पापण्यांवर ऊ आढळल्यास यांपैकीं कोणतेंही औषध तेथें लावूं नये. नेत्रवैद्य डोळ्यांसाठींचें निराळें मलम देतात. तें सुमारें दहा दिवस लावावें लागतें. आणि लहान मुलाच्या पापण्यांवर ती दिसली, तर आईबापांनीं डोळे उघडे ठेवून विचार करावा. आईबापांच्या अंगावर ती असेल, तर कुशींत निजण्यानें मुलाकडे येऊं शकते. म्हणून प्रथम स्वतःस तपासून घ्यावें. परंतु मुलाशीं कोणी गैरवर्तन केल्याचीही ती खूण असूं शकते. अशा वेळीं ‘घरची अब्रू’ म्हणून गप्प बसणें म्हणजे त्या लेंकराला दुसऱ्यांदा वाऱ्यावर सोडणें होय. मुलाला रागें भरूं नये, डॉक्टरांना स्पष्ट सांगावें. १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनि त्यासाठींच आहे.

आतां भगिनीचे उरलेले दोन प्रश्न. सासूबाईंना सांगण्याची या व्याधींत मुळींच जरुरी नाहीं. ही गोष्ट पतिपत्नींची व डॉक्टरांची आहे. यजमानांना मात्र सांगितलेंच पाहिजे. कारण एकीनें औषध घेतलें आणि दुसऱ्यानें घेतलें नाहीं, तर ऊ परत येते. दोघांनीं एकाच दिवशीं औषध लावावें, आणि दोघेही मुक्त झाल्याची खात्री होईपर्यंत अंतर राखावें. मागच्या महिन्यांत ज्यांच्याशीं ज्यांचा संबंध आला असेल, त्या सर्वांनाच हा नियम लागू आहे.

“कोणापासून आली?” हा प्रश्न तिच्या मनांत असणार. येथें आम्ही गुळमुळीत बोलणार नाहीं. ही ऊ बहुधा शरीरसंबंधानेंच येते, हें वर सांगितलेंच आहे. पण कोणी आधीं आणली हें तिच्या दर्शनावरून ठरत नाहीं. पहिल्याच वेळीं खाज सुटण्यास कांहीं दिवस, कधीं आठवडेही लागतात. ज्याला पूर्वीं कधीं झाली असेल त्याला ती लवकर सुटते. म्हणून ज्यानें प्रथम तक्रार केली त्यानेंच ती घरांत आणली, हा न्याय खोटा आहे. या खोट्या न्यायानें आजवर बोल लागला तो बहुधा सुनेलाच, कारण डॉक्टरांकडे आधीं गेली ती सून. घरांतील वडील माणसांनीं एवढें तरी ध्यानांत धरावें.

ज्या मार्गानें ही ऊ येते त्याच मार्गानें उपदंश, परमा आणि एच्. आय्. व्ही. हेही येतात, आणि ते खाजवून आपली वर्दी देत नाहींत. म्हणून दोघांनींही रक्त व इतर तपासणी करून घ्यावी. एच्. आय्. व्ही. ची तपासणी सरकारी केंद्रांतून विनामूल्य होते, आणि २०१७ च्या कायद्यान्वयें ती संमतीवांचून करतां येत नाहीं व गुप्त राखावी लागते. या रोगांवर वेळेवर कळल्यास उपचार आहेत. न कळल्यास होणारी हानि उवेच्या शंभरपट आहे.

विचारावें कसें, याचें उत्तर आमच्या मतें असें : आरोपानें आरंभ करूं नये, औषधानें करावा. “मला हें झालें आहे, डॉक्टर म्हणतात दोघांनीं औषध लावावयाचें आणि दोघांनीं तपासून घ्यावयाचें,” एवढेंच सरळ सांगावें. जो पति हें ऐकून बरोबर दवाखान्यांत येतो, त्याच्याशीं पुढचें बोलणें होऊं शकतें. जो उलट तिच्यावरच ओरडतो, त्याच्यासमोर तिनें एकटीनें झुरूं नये. माहेरच्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला सांगावें, आणि स्वतःची तपासणी तरी थांबवूं नये. आपलें शरीर निरोगी राखणें हा कोणाच्या परवानगीचा विषय नव्हे.

आमच्या या अनामिक भगिनीनें हें वाचलें असेल, तर उद्यांच डॉक्टरांकडे जावें. संकोच वाटत असल्यास स्त्री-डॉक्टर पहावी, आणि बोलवत नसल्यास हें पान पुढें करावें. नऊ-दहा दिवसांनीं केस पुन्हां तपासण्यास मात्र विसरूं नये.