दुरुस्तीच्या टेबलावरची मराठी

सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की दुकानावरची पाटी, शाळेचा वर्ग आणि जमिनीचा उतारा या तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. १९५६ पासून आम्ही या तिन्हींसाठी भांडत आलो आहोत आणि ते भांडण रास्तच आहे. पण आज आम्हाला चौथ्या जागेविषयी लिहायचे आहे. ती जागा म्हणजे बाजारपेठेच्या टोकाला असलेल्या आठ बाय दहाच्या गाळ्यातले दुरुस्तीचे टेबल.

या टेबलामागे बसणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. तो ट्रान्झिस्टर दुरुस्त करायला शिकला, १९८२ च्या आशियाई खेळांनंतर रंगीत टीव्ही आले तेव्हा त्यांचे झाकण उघडू लागला, पुढे डिशच्या छत्र्या बसवल्या आणि कॉम्प्युटर गावात आले तसे तेही हाती घेतले. पगार नाही, पेन्शन नाही. आज तो पन्नाशी-पंचावन्नच्या घरात आहे. त्याच्याकडे कसब आहे, पण कॉम्प्युटर मात्र दर दोन-चार वर्षांनी कात टाकतो. ‘या वयात आता काय शिकणार?’ असे तो स्वतःच म्हणतो. आमचे मत असे की अडचण वयाची फार थोडी आहे, भाषेची अधिक आहे.

वयाची नाही असे आम्ही का म्हणतो? कारण त्याला येते त्यातले पुष्कळसे इथेही कामाला येते. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय हा टीव्हीच्या पॉवर सप्लायचाच भाऊबंद आहे. मल्टिमीटर लावला की नारिंगी वायरीवर ३.३, तांबडीवर ५ आणि पिवळीवर १२ व्होल्ट मिळाले पाहिजेत. फुगलेला कॅपॅसिटर तर तो चष्म्याशिवायही ओळखतो. घड्याळ वारंवार मागच्या तारखेवर जात असेल तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा गोल सेल संपलेला असतो. तारीख चुकली की बँकेची वेबसाइटही उघडत नाही आणि गिऱ्हाईक मशीन बिघडले म्हणून घेऊन येते. हार्ड डिस्क टकटक वाजू लागली की ती पुनःपुन्हा चालू करून पाहायची नसते, आधी आतला मजकूर बाहेर काढायचा असतो. यातले काहीही पंचावन्नाव्या वर्षी समजणार नाही असे नाही. कोणी ते समजेल अशा भाषेत सांगत नाही, एवढेच.

सांगत नाही म्हणजे काय होते, याचा अनुभव आम्ही घेतला आहे. आमच्या परिचयाच्या एका गावातील वाचनालयाचा कॉम्प्युटर काही वर्षांपूर्वी बंद पडला. कारागीर भला माणूस. त्याने फायली काढून घेतल्या, मशीन फॉर्मॅट केले, नवी विंडोज घातली आणि फायली परत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी इतिवृत्ताची फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी! व्हायरस आला अशी बातमी गावभर झाली. कमिटी सगळे पुसून टाकायच्या बेतात होती. सुदैवाने छापखान्यात डीटीपी करणारा एक सभासद तिथे होता. त्याने ती खिचडी पाहिली आणि म्हणाला, “थांबा, मजकूर शाबूत आहे. फॉन्ट गेलाय.”

ही गोष्ट सीमाभागातल्या प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असायला हवी, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. श्री-लिपी, आयएसएम, आकृती अशा प्रणालींवर आपल्याकडे वर्षानुवर्षे मराठी टंकलेखन झाले. त्या काळच्या बहुतेक फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच. फॉन्टचा मुखवटा चढवला की मराठी दिसे. मुखवटा काढला की खिचडी. आणि प्रत्येक कंपनीची खणांची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा फॉन्ट दुसऱ्याला चालत नाही. युनिकोडमध्ये तसे नाही. तेथे ‘क’ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे आणि विंडोज २००० पासून ‘मंगल’ फॉन्टसह ती आपल्या मशीनवर आली. तरीही आपल्या मंडळांची, सोसायट्यांची, देवस्थान कमिट्यांची कागदपत्रे जुन्याच पद्धतीत पडून राहिली.

म्हणून फॉर्मॅट करण्यापूर्वी फायलींबरोबर विंडोजमधले ‘फॉन्ट्स’चे फोल्डरही उतरवून घ्यावे. मग सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलावा आणि बदलल्यावर डोळ्यांनी वाचावा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारखे शब्द, रफार आणि पहिली वेलांटी इथे हमखास गडबड होते. हे वाचून तपासायला मराठी येणारा माणूसच लागतो. बेंगळुरूचा मोठा इंजिनिअरही इथे उपयोगाचा नाही. आपल्या पन्नाशीच्या कारागिराची खरी जागा हीच, असे आम्हाला वाटते.

त्या वाचनालयाचे इतिवृत्त परत मिळाले. सभासदांची जुनी नोंद मात्र कोणत्या फॉन्टमध्ये होती ते अजून कोणाला सापडलेले नाही. कारागिराने पैसे परत केले आणि पुढे कित्येक महिने तो वाचनालयाच्या वाटेने गेला नाही. त्याची चूक होती का? त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी मराठीतून शिकवतात. चंदगड, गडहिंग्लजला जाऊन आपल्या मुलांनीही तो केला आहे. पण तो कॉम्प्युटर वापरणाऱ्यांसाठी आहे, उघडणाऱ्यांसाठी नव्हे. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आधीच्या अनुभवाची पारख करून दाखला देण्याची सोय ठेवली गेली. ज्यांना दाखल्याचा उपयोग आहे त्यांनी जरूर चौकशी करावी. दाखल्याने ज्ञान वाढत नाही, ही गोष्ट वेगळी.

मराठीतून शिकवा म्हणजे रॅमला संस्कृत नाव शोधा असे आमचे म्हणणे नाही. रॅम, हार्ड डिस्क, मदरबोर्ड ही नावे तशीच राहू देत. खानापुरात मराठी माणूसही तेच म्हणतो आणि शेजारचा कन्नड कारागीरही तेच म्हणतो. मराठी हवी ती ‘का’ सांगण्यासाठी. डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत का बसत नाही, जुन्या मशीनला एसएसडी लावली की ते का पळू लागते, हे ‘का’ आपल्या बोलीत कळले की माणूस पुढचे स्वतः शोधतो. गिऱ्हाइकाशी कन्नड बोलावे लागते, ते बोलावेच. धंद्याला भाषा जितक्या जास्त तितके बरे. त्यात कमीपणा नाही.

घाई करण्याचे एक कारणही आहे. विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, ते पुष्कळ जुन्या मशीनमध्ये नाही. गावोगावची मंडळे आणि पतसंस्था आता मशीन बदलणार, आणि जुन्यातला मराठी मजकूर नव्यात नेताना जे वर घडले तेच जागोजागी घडणार.

कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे आपण दरवर्षी साहित्य संमेलने भरवतो. ग्रंथदिंडी निघते, उद्घाटन होते, कथाकथन होते, कविसंमेलन रंगते. यंदा दुपारच्या जेवणानंतरचा एक तास त्या आठ बाय दहाच्या गाळ्यातल्या माणसाला द्यावा. छापखान्यातल्या डीटीपीवाल्याला व्यासपीठावर बसवावे, मधोमध एक उघडे मशीन ठेवावे आणि परिसरातल्या कारागिरांना समोरच्या रांगेत बोलवावे. वाचनालयांनीही जुने फॉन्ट कोणाकडे शिल्लक आहेत याची विचारपूस आतापासूनच सुरू करावी. मल्टिमीटर कारागीर घेऊन येतील. चष्मा विसरू नका म्हणावे. नव्या बोर्डांवरचे भाग फार बारीक असतात.