मोबाईलवरची गाड्यांची लढाई आणि आपल्या मुलांची झोप

जगाचा विनाश झालेला आहे. शहरे ओस पडली आहेत. उरलेली माणसे भंगारातून गाड्या जोडतात, त्यांवर तोफा-बंदुका बसवतात आणि एकमेकांवर चाल करून जातात. 'क्रॉसआउट' नावाच्या व्हिडिओ गेमचे हे जग. २०१७ साली हा गेम संगणकावर आणि गेमच्या यंत्रांवर आला, पुढे त्याची मोबाईल आवृत्तीही निघाली. याच जातीचे गेम आज शेकड्याने आहेत. आपल्या वस्त्यांमधली मुले रात्री पांघरुणाखाली मोबाईल धरून असेच काही खेळत असतात. आरोग्य शिबिरात त्यांच्या आया आम्हाला विचारतात, "डॉक्टर, ही मारामारी बघून पोरगं बिघडणार तर नाही ना?"

प्रश्न काळजीपोटी आलेला आहे. पण आमचे मत असे की तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. मुलगा गेममध्ये किती गाड्या उडवतो हे विचारण्याआधी तो किती वाजता झोपतो हे विचारा.

गाड्यांच्या मारामारीचा वाद नवा नाही. १९७६ साली अमेरिकेतील एक्झिडी कंपनीने नाणे टाकून खेळायचा 'डेथ रेस' हा गेम काढला. पडद्यावर पळणाऱ्या आकृत्या गाडीखाली घ्यायच्या. मग किंकाळी ऐकू यायची आणि त्या जागी क्रूस उमटायचा. आजच्या मानाने चित्रे अगदीच ओबडधोबड होती, तरी मोठा गदारोळ झाला. १९९७ साली 'कारमागेडन' आला. त्यात पादचाऱ्यांना चिरडल्यावर बक्षीस मिळे. ब्रिटनच्या परिनिरीक्षण मंडळाने प्रमाणपत्र नाकारले, तेव्हा कंपनीने माणसांऐवजी हिरव्या रक्ताचे झोंबी घालून तो गेम विकला. पुढे अपिलात मूळ गेमलाही परवानगी मिळाली. रक्त लाल असावे की हिरवे, यावर मोठी माणसे भांडत राहिली. मुले किती तास खेळतात, हा प्रश्न मागेच राहिला.

हिंसेबद्दल शास्त्र काय सांगते तेही पाहू. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली आपली भूमिका पुन्हा मांडली. हिंसक गेम आणि आरडाओरडा, ढकलाढकली यांसारखे आक्रमक वागणे यांत थोडा संबंध दिसतो. पण खून-गोळीबारासारख्या गुन्ह्यांचे खापर गेमवर फोडायला पुरेसा आधार नाही. म्हणजे पोरगा गेम खेळतो म्हणून गुंड होईल, ही भीती मनातून काढायला हरकत नाही.

शर्यतीच्या गेमबाबत मात्र एक वेगळी सावधगिरी हवी. २००७ साली जर्मनीतील मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात असे दिसले, की शर्यतीचा गेम खेळून झाल्यावर लगेच तरुण पुरुषांनी वाहतुकीच्या चाचणीत अधिक धोका पत्करला. एका प्रयोगावरून सगळे सिद्ध होत नाही. पण २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसांचा जीव गेला आणि त्यात अतिवेगाचा वाटा सर्वांत मोठा होता. तेव्हा तासभर शर्यत खेळून उठलेल्या तरुणाच्या हातात लगेच दुचाकीची चावी देऊ नका. ज्याच्याकडे परवाना नाही त्याला तर कधीच देऊ नका.

आता मूळ मुद्दा. हे गेम थांबत का नाहीत? 'क्रॉसआउट'मधली एक लढाई काही मिनिटांची असते. ती झाली की थोडे साहित्य मिळते. ते साठवून नवे चाक, नवी तोफ, नवे चिलखत बनवायचे. गाडी बळकट झाली की समोर तेवढेच बळकट शत्रू येतात. मग आणखी साहित्य हवे. गेम फुकट मिळतो. खेळणारा पुन्हा पुन्हा येऊन आत काही विकत घेतो, तेव्हा कंपनी कमावते. पुस्तकाला शेवटचे पान असते, चित्रपट तीन तासांत संपतो, कबड्डीचा सामना शिट्टीवर थांबतो. इथे शिट्टी वाजवणारा कोणी नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या हुशार लोकांनी विचारपूर्वक बांधलेल्या या यंत्रणेपुढे चौदा वर्षांचे मूल एकटे बसलेले असते. त्याला "तुला मन आवरत नाही" म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

आणि किंमत वसूल होते ती झोपेतून. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. रात्री लढाई खेळताना छाती धडधडते, शरीर सावध होते. मोबाईल खाली ठेवला तरी ते लगेच शांत होत नाही. डोळ्यांजवळच्या उजेडामुळे झोप आणणारे मेलॅटोनिन हे संप्रेरकही उशिरा वाढते. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे मोठे काम झोपेतच होते. झोप तुटली की सकाळी डोके दुखते, वर्गात लक्ष लागत नाही, शब्दाला शब्द लागताच मूल अंगावर येते. पालक म्हणतात, मारामारीच्या गेमने पोरगा चिडका झाला. अनेकदा तो फक्त झोपेचा उपाशी असतो.

आपल्या समाजाला हे जास्त महाग पडते. आपल्या हाती वडिलोपार्जित जमीन नाही, दुकान नाही. शिक्षण हीच आपली इस्टेट. जयंतीला आपण अठरा तास अभ्यासाचा उपक्रम करतो तो बाबासाहेबांच्या ज्ञानसाधनेला अभिवादन म्हणून. पण वर्षभराचा अभ्यास झोपलेल्या, ताज्या मेंदूनेच होतो. त्यात अनेक घरे एका खोलीची. अभ्यासाचा मोबाईल आणि खेळाचा मोबाईल एकच. वस्तीत मैदान नाही, असलेच तर त्यावर गाड्या उभ्या. अशा घरातल्या मुलासाठी तो पडदा हीच एकमेव मोकळी जागा असते. ती हिसकावून घेण्याआधी दुसरी कोणती देणार, याचे उत्तर आपल्याकडे असायला हवे.

काही जण म्हणतात, सरकारने बंदीच घालावी. २०२० साली पबजी मोबाईलवर बंदी आली, तेव्हा मुले दुसऱ्या गेमकडे वळली. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, ते योग्यच झाले. पण पैज नसलेले गेम त्या बंदीत येत नाहीत. रात्री अकरा वाजता घरात काय घडते, हे शेवटी घरानेच ठरवायचे आहे.

खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'ला आजारांच्या यादीत स्थान दिले. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळण्यावर ताबा न राहणे. जेवण, अभ्यास, मित्र या सगळ्यांपेक्षा गेम वरचढ होणे. नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. असे साधारण वर्षभर चालले आणि त्याने शिक्षण किंवा घरातले नाते कोलमडले, तर तो आजार समजावा. आजार म्हटला की उपचार आले. मार, शिव्या आणि अंगारे-धुपारे नव्हे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचार केंद्र चालते. आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात जाता येते, आणि 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, मोफत, मराठीत बोलता येते. यात लाज कसली? ताप आल्यावर आपण लाजत नाही.

घरी काय करावे? चालू लढाईत मोबाईल हिसकावू नका. "ही संपव आणि ठेव" असे सांगा आणि दोन-चार मिनिटे थांबा. झोपेच्या एक तास आधी घरातले सगळे मोबाईल एका जागी, अंथरुणापासून दूर, चार्जिंगला लावा. सगळे म्हणजे वडिलांचाही. एकदा मुलाशेजारी बसून तो काय खेळतो ते पाहा. भंगारातून गाडी जोडणाऱ्या मुलाला यंत्राची समज असू शकते. त्याला आयटीआय आणि पॉलिटेक्निक दाखवा. घरात कोणाला फिट येत असेल, तर लखलखणाऱ्या स्फोटांचे गेम खेळण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पंचशीलातले पाचवे शील आपण मद्यापुरते समजतो. पण मद्य वर्ज्य का? ते माणसाला प्रमादात ढकलते, त्याचे भान घालवते म्हणून. भान घालवणारी वस्तू बाटलीतच असते असे नाही. म्हणून गेम खेळणे पाप ठरत नाही. भान ठेवून खेळणे हे शील ठरते. आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात समजावले आहे, की एकट्या माणसाला धम्माची गरज नसते, दोन माणसे एकत्र आली की ती लागते. त्या उद्ध्वस्त जगाच्या गेममध्ये समोरचा माणूस भेटतो तो बहुधा लक्ष्य म्हणून. आपल्या मुलांना समोरचा माणूस सोबती म्हणून भेटेल अशी जागा आपल्याला उभी करायची आहे.

ती जागा आपल्याकडे आहे. आपल्या विहाराचा हॉल वंदनेनंतर किती संध्याकाळी कुलूपबंद असतो? दोन कॅरम, एक बुद्धिबळ, चार टेबले आणि रोज आळीपाळीने येणारे दोन उपासक एवढ्यावर तो सात ते नऊ उघडा ठेवता येईल. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी प्रत्येक विहार समितीला आमची विनंती आहे. नऊला हॉल बंद करा, मुलांना घरी पाठवा आणि वेळेवर झोपू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!