भाकरी आली, डाळ कुठे आहे?

“काकू, उद्यापासून पोळी बंद, भाकरीच द्या. शुगर बॉर्डरवर आलीय.” पुण्यात डबे पुरवताना हे मी आता सारखं ऐकते, आणि सांगणारे बरेचसे तिशी-चाळिशीतले असतात. मी भाकरी देते. पण हीच मंडळी सोबत भात वाढवून मागतात, भाजी बटाट्याची हवी म्हणतात आणि आमटी अर्धी परत पाठवतात. गहू गेला, ज्वारी आली. पोटात धान्य तेवढंच गेलं.

२०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीतही हेच दिसलं. आपल्या रोजच्या उष्मांकांत सुमारे ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा आहे. तो तेवढाच ठेवून तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, तर टाइप टू मधुमेहाचा धोका घटत नाही. एकूण उष्मांकांतले पाच टक्के पिष्टमय पदार्थांऐवजी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांतून घेतले, तर मात्र घटतो.

“मी तर काडीपैलवान, मला कशाला होईल?” असं म्हणणारेही भेटतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतल्या बाळांपासून अशा बारीक अंगकाठीचा अभ्यास केला. बाळांचं वजन कमी, हातपाय बारीक, पण अंगातली चरबी त्या मानाने जास्त; आणि मधुमेहाचा धोका या चरबीशी जोडलेला आहे. त्यामुळे बारीक अंगकाठीवर कुणी विसंबून राहू नये.

पथ्याला परदेशी ओट्स लागत नाहीत. भाकरी एक कमी, भात मूठभर, वरण घट्ट, मटकीची उसळ वाटीभर, सोबत दही. आणि पिठल्याला साधं म्हणून नाक मुरडू नका, ते हरभऱ्याचंच आहे.

खरी अडचण पैशाची. डब्यात भात वाढवणं मला परवडतं. डाळ वाढवली की दर वाढवावा लागतो, आणि तो सगळ्यांना झेपत नाही. रेशनवर प्राधान्य कुटुंबांना महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून मोफत. त्याने कितीतरी घरांच्या चुली पेटल्या, ते थांबता कामा नये. पण त्या पिशवीत डाळ कायमची आली नाही. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ निघाला तेव्हा हरभराडाळ मिळाली, तीही साखर, रवा आणि पामतेलाच्या सोबतीला. सणाची वाट कशाला पाहायची? दर महिन्याला, धान्याबरोबरच, माणशी किलोभर तूर किंवा हरभराडाळ द्या. इन्सुलिन आणि डायलिसिसवर पुढे जो पैसा जातो, त्यातला थोडा आधी डाळीवर खर्च करा.