दिवाळीची सहल आणि समुद्राची तिथी

मैत्रिणींनो, दसरा झाला की तुमच्या पत्रांचा रंग बदलतो. अनारसे तुपात का विरतात, चकली मऊ का पडते, अशा पत्रांच्या गठ्ठ्यात एखादं सहलीचंही निघतं. यंदा अकोल्याच्या एका भगिनीचं आलं आहे. भाऊबीज आटोपली की अंदमानला जायचं घरात चाललं आहे. मुलगी सतरा वर्षांची, तलावात छान पोहणारी. तिला तिथं सर्फिंग करायचं आहे, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याचा तो खेळ. सासूबाई म्हणतात, "पोरीले हे कायले पाह्यजे?" यजमान म्हणतात, "तिकिटं स्वस्त भेटून राह्यली, आजच काढून टाकू." आणि ही बिचारी दोघांच्या मधे. 'करू द्यावं की नाही?' एवढाच तिचा प्रश्न.

करू द्या. पण दिवाळीत नि अंदमानात नको. आणि तिकिटं आज काढू नका.

आधी सासूबाईंचं. हा खेळ २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आला आहे, मुलींच्या स्पर्धाही आहेत. भारतातली पहिली महिला सर्फर म्हणून जिचं नाव घेतात ती इशिता मालवीय मुंबईत वाढलेली. मणिपालला शिकायला गेली असता २००७ साली ती हे शिकली आणि पुढे उडुपीजवळच्या कोडी बेंगरे गावात तिनं इतरांना शिकवायला सुरुवात केली. तेव्हा पोरीची जात आडवी यायचं कारण नाही.

आडवा येतो तो समुद्र. अंदमानात सर्फिंगच्या लाटा आहेत हे खरं, पण त्या लिटल अंदमान बेटावर. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालं आहे) उतरून पुढे जहाजानं तासन्‌तास जायचं. तिथल्या चांगल्या लाटा प्रवाळाच्या खडकांवर फुटतात. पडलं की सोलवटून निघतं. त्या लाटा मुरलेल्यांसाठी, आणि त्यांचा मोसम मार्च ते मेच्या मध्यापर्यंतचा. दिवाळीच्या दिवसांत तिथं ईशान्येचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं उठण्याचे तेच दिवस. सेल्युलर जेल बघायला, उथळ पाण्यातले रंगीत मासे बघायला अंदमानला जरूर जा, पण डिसेंबर ते एप्रिलमध्ये. तिथं आणखी एक गोष्ट असते जी आपल्याला ठाऊक नसते: खाऱ्या पाण्यातली मगर. २०१० साली हॅवलॉक बेटावर, आताच्या स्वराज द्वीपावर, एका परदेशी तरुणीचा मगरीनं जीव घेतला. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या झाडांजवळ पाण्यात उतरायचं नाही, आणि पाटी असेल तर तिच्याशी वाद घालायचा नाही. थंडीत तिथं पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्यासारखं चार वाजता चहा घेऊन समुद्रावर निघालात तर अंधारच भेटेल.

शिकायला हवी ती लाट लहान, कमरेएवढ्या पाण्यातली, आणि तळ निव्वळ वाळूचा. अशी जागा आपल्याला जवळ म्हणजे उत्तर गोव्यात, मोरजी, आश्वे, मांद्रे या बाजूला. आणखी खाली मंगळूरजवळ मुलकीला या खेळाची जुनी शाळा आहे. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत या किनाऱ्यावर समुद्र शांत असतो. शिकवणाऱ्याला चार गोष्टी विचारा. फळी मऊ फोमची आहे ना? पायाला बांधायची दोरी आहे ना? शिकवणारा स्वतः पाण्यात उभा राहतो की किनाऱ्यावरून हातवारे करतो? आणि एका वेळी मुलं किती घेतो? तीन दिवसांत पोर दोनदा फळीवर उभी राहिली तरी पुष्कळ झालं. जो पहिल्याच दिवशी मोठ्या लाटेवर नेतो म्हणेल, त्याला नमस्कार करून पुढे व्हा.

आता तिथीचं. आपण कॅलेंडर चतुर्थीच्या चंद्रोदयासाठी आणि एकादशीच्या साबुदाण्यासाठी बघतो. कोकणातला माणूस त्याच तिथीवरून भरती काढतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती पुरी, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. सहा तासांनी ओहोटी पुरी. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मुंबईपासून गोव्यापर्यंत अंदाजाला हे बरं आहे, अंदमानात मात्र हा आडाखा लावू नका.

दिवाळी ठरलेलीच अमावास्येची. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं: पाणी चढतंही फार, उतरतंही फार, आणि उतरताना ओढतं. म्हणजे लक्ष्मीपूजन ते भाऊबीज हेच सगळ्यात ओढीचे दिवस, आणि नेमके त्याच दिवसांत सारे किनारे आपल्यासारख्यांनी फुललेले! अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढउतार कमी. अष्टमीला दुपारी बारापासून पाणी चढायला लागतं. उन्हं जराशी उतरली की साडेतीनला पाण्यात, आणि सूर्य बुडायच्या आत बाहेर. नवशिक्यांना याहून बरी वेळ नाही. पाणी चढताना खडकावर जाऊन बसणं मात्र नको. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तर ओहोटीलाच करायची, भरतीत ती वाट लाटांखाली जाते.

आपल्या वऱ्हाडातली पोट्टी विहिरीत, धरणात, तलावात पोहायला शिकतात. ते पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं तसं नाही. लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या पट्ट्यातून जोरानं आत जातं. तो पट्टा ओळखायचा कसा? दोन्हीकडे लाटा फुटताहेत, फेस आहे, आणि मधेच एक जागा गुळगुळीत, गढूळ, बिनफेसाची. आपल्याला वाटतं, इथं किती शांत आहे, लेकरांना इथंच उतरवू. तीच ती जागा. माणूस त्यात सापडला तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, दम तिथंच संपतो. पाठीवर तरंगावं, हात वर करून हाक द्यावी आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं सरकावं. ओढीचा पट्टा रुंद नसतो. हे पोरीला घरूनच पाठ करून न्या, आणि मुलालाही. मुलांचा आगाऊपणा अधिक. आपणही मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा बंद कॅन, जे तरंगेल ते फेकावं आणि जीवरक्षकाला बोलवावं. मुरुडला फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी गेले, मालवणजवळ वायरीला एप्रिल २०१७ मध्ये बेळगावहून आलेले आठजण. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता. गणपतीपुळ्याचा किनाराही दिसायला देखणा, पण आत ओढणारा. दर्शन घ्या, पाय भिजवा, पुढे जाऊ नका. गोव्यात जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या दोन निशाणांच्या मधे उतरायचं, नुसतं लाल दिसलं की वाळूतच बसायचं.

जूनबद्दल दोन शब्द. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, म्हणून अमरावतीची कितीतरी कुटुंबं जूनच्या मध्याला कोकणात जातात. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ज्याचं पोट समुद्रावर, तो होडी ओढून घरी बसतो, तेव्हा आपण पाण्यात जायचं नाही. धबधबे बघा, आंबे संपायच्या आत खा.

कपड्यांचं म्हणाल तर साडी, ओढणी, ढगळ सलवार पाण्यात पायाला गुंडाळतात. आता पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो. सासूबाईंनाही बघवेल असा. महिन्याच्या तारखा आधीच मोजून ठेवा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सल्ल्यानं नको, डॉक्टरीणबाईंना विचारूनच.

आणि तुम्ही स्वतः? सगळ्यांच्या चपला, घड्याळं नि मोबाईल मांडीवर घेऊन वाळूत बसणारी एक बाई प्रत्येक कुटुंबात असते. सामान पाळीपाळीनं सांभाळा. यजमान अर्धा तास चपलांजवळ बसले म्हणून काही बिघडत नाही.

तर अकोल्याच्या भगिनी, असं करा. भाऊबीज करून पंचमीला रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं थिवीला उतरा. सप्तमीला विसावा घ्या, समुद्र नुसता बघा आणि शिकवणाऱ्याशी बोलून घ्या. अष्टमी-नवमीला पोरीला फळीवर चढू द्या. दशमीला निघालात तर एकादशीला घरी पोचाल. सासूबाईंची कार्तिकी एकादशी चुकणार नाही.