कानातील वाटाड्या

भूमध्य समुद्राच्या काठी जिनोव्हा, व्हॅलेटा अशी जुन्या बंदरांची शहरे आहेत. तेथे येणाऱ्या प्रवाशास आता वाटाड्या सोबत घेतलाच पाहिजे असे नाही. हेडफोन कानास लावला म्हणजे फोनमधील ध्वनिमुद्रित आवाज 'डावीकडे वळा, समोरची कमान पाहा' असे सांगत त्यास गल्लीबोळांतून हिंडवितो. दमल्यास थांबावे, समजले नाही तर पुन्हा ऐकावे. कोणाची घाई नाही. अशी सोय आपल्या नगरासही हवी, आणि ती येथील विद्यार्थ्यांनीच करावी, असे आमचे मत आहे.

येथे ऐकविण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. मलिक अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलेले हे शहर; २०२४ साली त्यास अहिल्यानगर हे नाव मिळाले. विजापुरास असलेली मुलूखमैदान तोफ १५४९ साली येथेच ओतली गेली. ती ओतणाऱ्या कारागिराचे 'रूमी' हे बिरुद त्याच भूमध्य समुद्राकडील तुर्की मुलखाची आठवण देते. १५९६ साली मोगलांच्या वेढ्यातून चांदबिबीने राखलेला भुईकोट किल्ला येथे आहे, व त्याच किल्ल्यात बंदिवासात असता १९४४ साली पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. १८४२ साली 'ज्ञानोदय' येथूनच निघाला. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच गावी, मिस फरार यांच्यापाशी. सांगण्यासारखे पुष्कळ आहे; सांगणारा मात्र हवा.

तथापि या यंत्रात एक मोठे उणे आहे. जिवंत वाटाड्यास 'हे कशावरून?' असे विचारता येते. ध्वनिमुद्रणास विचारता येत नाही. त्याने एकदा चुकीचे सांगितले की तीच चूक शेकडो कानांत शिरते. शहराच्या पूर्वेकडील शहा डोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. तिला सारे जण 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. वस्तुतः तो महालही नव्हे आणि चांदबिबीचाही नव्हे. मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर होय. लोकांच्या तोंडी आहे तेवढेच आपण मुद्रित केले, तर एका कर्तबगार मंत्र्याचे नाव त्याच्याच थडग्यावरून पुसण्यास आपणही हातभार लावू.

म्हणून दंतकथा गाळाव्यात काय? मुळीच नाही. किल्ल्याजवळची दमडी मशीद मजुरांनी एकेक दमडी देऊन उभारली, असे सांगतात. ही गोष्ट गोड आहे, आणि लोकांस कशाचा अभिमान वाटतो हे तीवरून कळते. ती अवश्य सांगावी. फक्त 'लोक असे सांगतात' एवढे शब्द आधी जोडावेत. जे पुराव्याने सिद्ध आहे ते वेगळे सांगावे, आणि तो पुरावा कोणता हेही सांगावे. एवढी शिस्त पाळली म्हणजे ऐकणाऱ्याची फसवणूक होणार नाही.

पालकांची एक शंका रास्त आहे. कान झाकून रहदारीत चालणे धोक्याचे, आणि त्यात भोवतालच्या माणसांशी बोलणेही खुंटते. याकरिता चालताना आवाज बंद असावा, व वास्तूपाशी सुरक्षित जागी उभे राहूनच ऐकावे. प्रत्येक ठिकाणचे निवेदन तीन मिनिटांहून लांबू नये, आणि त्याच्या शेवटी 'आता जवळपासच्या वृद्धांस विचारून पाहा' अशी सूचना असावी.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, येत्या सुटीत प्रत्येक वर्गाने एकेक वास्तू वाटून घ्यावी. तिची माहिती ग्रंथांतून पडताळावी, घरातील आजी-आजोबांस विचारावे, व शुद्ध, सोप्या मराठीत ती मुद्रित करावी. परगावच्या पाहुण्याचा त्यात लाभ आहेच. परंतु ज्या रस्त्याने आपण रोज शाळेस जातो, तो रस्ता आपणांस प्रथमच नीट दिसेल, हा लाभ त्याहून मोठा होय.