आधी तरवा नीट काढा

जून सरत आला की गावोगाव बियाण्याची आणि युरियाची चर्चा सुरू होते. भाताचा तरवा, म्हणजे वाफ्यातली रोपं, कसा उपटला जातो, यावर मात्र कुणी बोलत नाही. लावणीनंतर शेत पिवळं पडतं, त्यात बियाण्यापेक्षा तरवा उपटण्याच्या घाईचा दोष मला अधिक दिसतो.

रोप ओढलं की बारीक मुळं मातीतच तुटून राहतात. पाणी शोषणारी टोकं गेलेली, पानांतून बाष्प उडणं मात्र चालूच. म्हणून चिखलात उभं असूनही रोप मान टाकतं. तुटलेली मुळं फारशी सावरत नाहीत. खोडाच्या बुडाशी असलेल्या पेऱ्यांतून नवी पांढरी मुळं फुटावी लागतात आणि तोवर रोप स्वतःच्या साठ्यावर तग धरतं. तीन आठवड्यांचा कोवळा तरवा लवकर सावरतो. निबर झालेल्याला जास्त दिवस लागतात आणि तेवढे दिवस फुटव्यांतून वजा होतात.

तरव्याची काढणी बघावी. चांगली बाई दोन-तीन रोपं अगदी बुडाशी धरते, तिरकी ओढते, मुळं पाण्यात हलकेच खळबळते. घाईत मूठभर तरवा शेंड्याला धरून खेचतात आणि माती झाडायला जुडी पायावर आपटतात. मग वाफ्यातल्या पाण्यावर तुटकी मुळं तरंगताना दिसतात. गादीवाफ्यात शेणखत असेल, आदल्या दिवशी पाणी भरून ठेवलं असेल, तर माती सहज सुटते.

लावतानाही दोन-तीन सेंटीमीटरच्या खाली रोप खुपसू नये. खोल गेलं की ते आधी वर येण्यात शक्ती घालवतं आणि फुटवे लांबतात.

मादागास्करमध्ये फादर लोलानिए यांनी 1980च्या दशकात आठ-बारा दिवसांची रोपं मातीसकट उचलून एकेक लावायची रीत रुजवली. कोकणात जुलैच्या पाण्यात इतकं लहान रोप बुडेल, त्यामुळे ती जशीच्या तशी इथे आणा असं मी म्हणणार नाही. पण मुळं न दुखवण्याचं त्यातलं तत्त्व इथेही तितकंच लागू आहे.

अडचण मजुरीची आहे. काढणी-लावणी एकत्र उक्ती दिली की जितकी घाई तितका फायदा, मग मुळांकडे कोण बघणार? कमरेत वाकून दिवसभर पावसात राबणाऱ्या बायांना दोष देण्यात अर्थ नाही. मालकांनी निदान तरवा काढायचं काम रोजंदारीवर द्यावं, आणि चांगल्या हाताला चार पैसे जास्त द्यावेत.